दोनशे त्रेसष्टावा चंद्र

तुमचा विश्वास बसणार नाही. बसूच नये. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीच म्हणालो असतो, म्हातारा थापा मारतोय. पण इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, राजीवच्या दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर, हजार चंद्रांची एक तसबीर आहे. त्या चंद्रांतून एक बाई हसते आणि तिच्या कपाळावर कुणीही न लावलेलं कुंकू आहे. हे मी छातीठोकपणे सांगतो, आणि माझ्या छातीत दोन स्टेंट आहेत, तेव्हा उगाच ठोकणार नाही.

परवा शनिवारी फ्रिस्कोहून अनीश आला होता. नागपूरचा मुलगा, राजीवबरोबर पूर्वी एका कंपनीत होता. जेवणं झाली, श्रीखंड जरा जास्तच झालं, आणि हा पठ्ठ्या तसबिरीसमोर उभा राहून मान वाकडी करून म्हणतो, "काका, हे काय आहे? पोल्का डॉट्स?"

पोल्का डॉट्स! मी म्हटलं, "बस. तुझी फ्लाइट उद्या आहे ना? मग बस."

"मनोहरकाका, त्याला सोडा," नीलांबरी स्वयंपाकघरातून ओरडली. नीलांबरी म्हणजे राजीवची बायको. ती डिशवॉशरमध्ये भांडी लावत होती. राजीव मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. आणि राजीवचे वडील, माझा अकोल्यापासूनचा मित्र त्र्यंबक, रिक्लायनरवर पोटावर हात ठेवून डोळे मिटून पडला होता. ही त्याची वामकुक्षी. ती सुरू असताना घराला आग लागली तरी त्याला चारनंतर कळवायचं, असा नियम आहे.

मी सुरू केलं.

हे बघ अनीश, मी अकोल्याचा फोटोवाला. अख्खी हयात स्टुडिओत गेली, आता याच बिल्डिंगमध्ये मुलाकडे असतो. फोटोंची जोडाजोडी हे माझं खास काम. एका कुटुंबाचा ग्रुप फोटो काढला, मोठा भाऊ फौजेत, रजा मिळेना. मी शेजारच्या शिंप्याला उभा केला, त्याच्या धडावर भावाचं डोकं चढवलं. फोटो इतका झकास जमला की भाऊ रजेवर आला तेव्हा त्याची बायको म्हणाली, "तुमचे खांदे उतरलेत."

"खरंच?" अनीश म्हणाला.

खरं नाहीतर काय! पण एक बाई माझ्या हाती कधी लागली नाही. त्र्यंबकची बायको, वीणावहिनी. बटण दाबलं की तिचे डोळे मिटायचे. लग्नात मिटलेले, डोहाळजेवणात मिटलेले, राजीवच्या मुंजीत मिटलेले. त्यांचा अल्बम चाळलास तर वाटेल, या बाईने झोपेतच संसार केला.

तिचा डोळे उघडे असलेला फोटो जगात एकच. दोन हजार तीन साली ती इथे आली होती तेव्हाचा. आपल्याकडच्या सवयीने ती गाडीत डावीकडून शिरली आणि बसली थेट स्टिअरिंगसमोर! पदर सावरून म्हणाली, "हं, चला." आणि मग समोर ते चाक बघून जी हसत सुटली! राजीवच्या हातात नवा डिजिटल कॅमेरा होता. त्याने टिपलं. आयुष्यभर मला जमलं नाही ते या पोराला पार्किंग लॉटमध्ये जमलं. मला झोप आली नाही त्या दिवशी.

"प्रिंट काढली नाही?" अनीशने विचारलं.

राजीव लॅपटॉपमधून वर न बघता म्हणाला, "नंतर काढू म्हटलं होतं."

नंतर! डिजिटल आल्यापासून सगळ्यांचं हेच. दोन वर्षांनी वहिनी पुण्यात वारली. त्र्यंबक इथे राजीवकडे आला. फोटो राजीवच्या कम्प्यूटरमध्ये राहिला, आणि त्र्यंबक रोज सकाळी, देवाला नमस्कार करावा तसा, तो उघडून बघायचा. माउस दोन्ही हातांनी धरून.

यंदा त्र्यंबकला एक्याऐंशी लागणार होतं. म्हणजे सहस्रचंद्रदर्शन. माणसाच्या आयुष्यात हजार पौर्णिमा झाल्या की करतात ते. मे महिन्यातला शनिवार ठरला, हॉल ठरला, केटररला पुरणपोळी सांगून झाली. गुरुजी मिळाले एकनाथ गुरुजी. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर टेस्टर, शनिवार-रविवार गुरुजी. त्यामुळे ते विधीतही बग शोधतात.

त्यांनी पहिलाच बग काढला. म्हणाले, "यजमानांच्या शेजारी पत्नी लागते. त्या हयात नाहीत, तेव्हा कमरेला सुपारी खोचायची. सुपारी म्हणजे पत्नी."

त्र्यंबक उठून उभा राहिला. "माझी बायको सुपारी? जिने जन्मभर मला सुपारीचं खांड तोंडात टाकू दिलं नाही, ती सुपारी?"

"बाबा, सिम्बॉलिक असतं ते," राजीव म्हणाला.

"सिम्बॉलिक तू ऐंशीचा झालास की कर. वीणाचा फोटो शेजारी असेल, डोळे उघडे असलेला, तर मी पाटावर बसेन. नाहीतर तुमचे चंद्र तुम्ही ओवाळा."

हट्टी आहे. लहानपणीही गोट्यांत हरला की गोट्या गिळायचा. म्हणजे, एकदा गिळली होती.

मग राजीवला कल्पना सुचली. पोरगा हुशार आहे, हे मी त्याच्यासमोर म्हणत नाही. त्याने ओळखीच्या सगळ्यांना ईमेल टाकली: पौर्णिमेचा चंद्र जिथे असाल तिथून काढून पाठवा. हजार चंद्र गोळा करू, एकाच कागदावर मांडू आणि मधोमध आईचा फोटो. बाबांच्या शेजारी ठेवू.

आणि चंद्र यायला लागले! काय सांगू तुला! फ्रिस्कोहून धुळीतले मळकट चंद्र, पाण्याच्या टाकीआडून डोकावणारे. सनीव्हेलहून धुतल्यासारखे लख्ख, एक तर कॅलट्रेनच्या सिग्नलवर नेमका बसलेला. एका मावशींनी पन्नास पाठवले, पाहिलं तर सगळे रस्त्यावरच्या दिव्याचे. एकाने पापड पाठवला. भाजलेला. खड्ड्यांसकट इतका हुबेहूब की तो आम्ही घेतला. अजून आहे, तिसऱ्या ओळीत.

"पापड?" अनीश तसबिरीजवळ गेला.

"उडदाचा. शोधू नकोस, सापडायचा नाही. पुढे ऐक."

मीही एक दिला. या फेब्रुवारीत खग्रास चंद्रग्रहण झालं ना, तेव्हा मी आणि त्र्यंबक माकडटोप्या घालून याच बिल्डिंगच्या मागे उभे होतो. थंडी अशी की माझा शब्द तोंडातून निघाला की जमिनीवर पडून फुटायचा. तेव्हा काढलेला चंद्र. लालभडक. ओल्या पिंजरीसारखा.

एकनाथ गुरुजींनी तो बघितला मात्र, हात वर केले. "ग्रहणाचा चंद्र चालणार नाही. दर्शन शुभ चंद्राचं घ्यायचं. तो काढून ठेवा."

काढून ठेवला. कम्प्यूटरात बाजूला, एकटा, वाळीत टाकल्यासारखा.

आता मूळ गोष्ट. हजार फोटो एकेक करून चिकटवत कोण बसणार? राजीव म्हणाला, त्याची गरज नाही. त्याने एक काळा पडदा उघडला. त्यावर ना चित्र, ना बटण. नुसतं टाइप करायचं आणि एंटर मारायचा. एका ओळीत सांगायचं: आडवे पंचवीस, उभे चाळीस, या फोल्डरमधले सगळे फोटो घे, जोडून एक कर. मला अंधाऱ्या खोलीत एक डोकं चढवायला दुपार लागायची. इथे हजार चंद्र, एक ओळ! माझा जीव कळवळला रे. शिंप्याचे खांदे डोळ्यांसमोर आले.

राजीवने एंटर मारला. पंखा घरघरला. थोड्या वेळाने फोल्डर उघडला. नवं चित्र कुठेच नाही. राजीवने वर पाहिलं, खाली पाहिलं. मग वहिनीच्या फोटोवर क्लिक केलं.

वहिनी नव्हती. तिच्या जागी चंद्र. ओळीने चंद्रच चंद्र.

"ओह नो," नीलांबरी म्हणाली. "राजीव, तू आउटपुटचं नाव दिलंस का?"

नव्हतं दिलं. म्हणजे काय ते मला तेव्हा समजावलं गेलं. चित्र बनवून कुठे ठेवायचं, ते नाव ओळीच्या शेवटी द्यायचं असतं. नाही दिलं तर ते यंत्र रांगेतल्या शेवटच्या फोटोलाच समजतं, की हेच ते ठिकाण, आणि त्याच्यावर नवं चित्र गिरवून मोकळं होतं. विचारत नाही. त्या काळ्या पडद्यावर कचऱ्याची टोपलीही नसते. गेलं ते गेलं. आणि रांग लागते इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. चंद्र सगळे 'सी'मध्ये. मधोमध लावायचा म्हणून वहिनीचा मूळ फोटोच राजीवने त्याच फोल्डरमध्ये टाकलेला, नाव 'वीणा'. 'व्ही'. सगळ्यांत शेवटी.

त्र्यंबक मागे उभा होता. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "फोटोला नाव काय दिलं होतंस?"

"वीणा," राजीव म्हणाला. "तिच्या व्हिसाच्या फाइल्सबरोबर सेव्ह केला होता, म्हणून तेच..."

"आई म्हटलं असतंस तर?"

नीलांबरी हळूच म्हणाली, "ए, ए, आय. सगळ्यांत पहिली आली असती. वाचली असती."

"आईला नावाने हाक मारलीस," त्र्यंबक म्हणाला. "म्हणून झालं हे."

सांग अनीश, याला काय उत्तर आहे? अमेरिकेत नाही, अकोल्यातही नाही.

त्या दिवसापासून त्र्यंबक थाऱ्यावर राहीना. सोफ्यावर बसला की उठायचा. फ्रिज उघडायचा, बंद करायचा. पार्किंग लॉटमध्ये जायचा, ती जुनी गाडी उभी असायची ती जागा बघून यायचा. पुन्हा जायचा. दारापासून बाल्कनीपर्यंत इतक्या खेपा घातल्या की कार्पेटवर पायवाट पडली. नीलांबरीचा व्हॅक्यूम क्लीनर आपोआप तिथून वळायला लागला. मी म्हणायचो, "अरे, बस जरा," तर म्हणायचा, "मन्या, मला तिचा चेहरा आठवतो तो डोळे मिटलेलाच. उघडे कसे दिसायचे ते हातातून सुटतंय." आणि पुन्हा चालायला लागायचा. त्याला बघून मीही चालायला लागायचो. राजीव तिसरा. घरात तीन पुरुष येरझाऱ्या घालतायत आणि हॉलची तारीख जवळ येतेय. शेवटी नीलांबरी ओरडली, "तुम्ही तिघं खाली बसता का जरा? मला विचार करू द्या!"

आणि तिनेच शोधला. चार वर्षांपूर्वी तिने घरच्यांसाठी एक वेबसाइट केली होती. तिच्यावर छोटे छोटे फोटो, क्लिक केलं की मोठे व्हायचे. मोठे कधीच नाहीसे झाले होते. पण छोटा होता! नखाएवढा. मोठा करायला जावं तर चौकोनी ठिकऱ्या. चेहरा नाही, फरशी.

राजीवने डोकं धरलं. नीलांबरी मात्र त्या फरशीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, हा अजून लहान केला आणि आडवे पंचवीस, उभे चाळीस ठिपके ठेवले, तर किती होतात?"

"हजार," त्र्यंबक म्हणाला. येरझाऱ्या थांबल्या.

"एका ठिपक्याच्या जागी एक चंद्र."

मी तर उडालोच. फिके चंद्र, ढगातले चंद्र, लख्ख चंद्र, सगळ्यांची तिने उजेडाप्रमाणे रांग लावली. जिथे ठिपका काळा तिथे काळवंडलेला चंद्र, जिथे पांढरा तिथे लख्ख. फ्रिस्कोचे धुळकट चंद्र वहिनीच्या केसांना गेले, सनीव्हेलचे दातांना. प्रत्येक चंद्राला जागेप्रमाणे नंबर हेच नाव. मग तीच एक ओळ टाइप करायची. या वेळी शेवटी नाव देऊन. यंत्र नंबरानुसार मांडत जातं, त्याला काय माहीत आपण कुणाचं नाक मांडतोय!

गुरुवारी तिने कच्चं चित्र काढून दाखवलं. जवळून नुसते चंद्र. त्र्यंबक म्हणाला, "कुठाय?" मी म्हटलं, "चष्मा काढ आणि दाराशी जाऊन बघ." तो दाराशी गेला. चष्मा काढला. आणि तिथेच भिंतीला धरून उभा राहिला.

"उघडे आहेत," म्हणाला. "डोळे उघडे आहेत."

मला वाटलं, जमलं. पण दोन मिनिटांत पुन्हा पाय वाजायला लागले. "कपाळ मोकळं आहे."

"बाबा, सगळं करडं आहे ना," राजीव म्हणाला. "चंद्रच करडे."

"ती सवाष्ण गेली, राजीव. मोकळ्या कपाळाने मी तिला लोकांसमोर बसवणार नाही. माझ्या शेजारी तर नाहीच."

"मी रंग भरते ना एका चंद्रात," नीलांबरी म्हणाली. "हे बघा, बरोबर मधला, दोनशे त्रेसष्टावा. दोन मिनिटांचं काम."

"रंग नको. सगळे खरे चंद्र, आणि तिच्या कपाळीच तेवढं खोटं?"

झालं. शुक्रवार उजाडला तरी तोच घोळ. चित्र संध्याकाळी छापायला द्यायचं होतं, शनिवारी सकाळी हॉल. त्र्यंबक जेवला नाही धड. नीलांबरी ऑफिसला, राजीव सामान आणायला. दुपारी घरात मी आणि त्र्यंबक. तो याच खुर्चीवर आडवा झाला आणि घोरायला लागला. मी काय करणार? चहा केला, प्यायलो, खिडकीतून खारी बघत बसलो.

संध्याकाळी नीलांबरी धावतपळत आली, बूटसुद्धा काढले नाहीत. ओळ टाइप केली, एंटर मारला, चित्र न बघताच सीडीवर घातलं आणि दुकान बंद व्हायच्या आत पोचवलं.

आणि शनिवारी हॉलमध्ये ती गुंडाळी उलगडली. अनीश, मी आयुष्यात खूप चमत्कार पाहिलेत, त्यांतले निम्मे मीच केलेले. पण हा! नऊशे नव्याण्णव करडे चंद्र आणि बरोबर कपाळाच्या मधोमध एकच लाल. ओल्या पिंजरीचा. केटररच्या हातातला डाव वाटेत थांबला, त्यातलं तूपसुद्धा गळायचं थांबलं.

एकनाथ गुरुजी पुढे आले. नाक लावून बघितलं. "हा ग्रहणाचा आहे. हा मी काढायला सांगितला होता."

त्र्यंबकने चष्मा काढून खिशात ठेवला. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही फार जवळून बघताय. इथे या. इथून ग्रहण दिसत नाही. कुंकू दिसतं."

गुरुजी तीन पावलं मागे आले. बघितलं. हातातली सुपारी तेवढी परत पिशवीत टाकली. आणि त्र्यंबक पाटावर बसला. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा त्या माणसाचे पाय स्वस्थ बसले. वहिनी शेजारी, हसत. शपथेवर सांगतो, आरतीच्या वेळी तिने त्याच्याकडे तिरकं बघितलं.

मी थांबलो. पाणी प्यायलो. अनीश तसबिरीपासून मागे मागे सरकत दारापर्यंत गेला, चष्मा काढला.

"बापरे," म्हणाला. "पण काका, तो लाल चंद्र तिथे आला कसा?"

"आपोआप."

"आपोआप कसा?"

"तोच तर चमत्कार आहे, बाळा. हजार चंद्रांत मिसळायची ओढ त्यालाही असणार. यंत्राने बोलावलं, तो आला."

डिशवॉशरचं दार आपटलं. नीलांबरी हात पुसत बाहेर आली. "काका, मी मे महिन्यापासून हा विचार करतेय. ग्रहणाचा फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये होता. तो दोनशे त्रेसष्ट नंबरावर आपोआप येऊच शकत नाही. कुणीतरी तिथे कॉपी केल्याशिवाय. मला वाटत होतं राजीवने केलं."

"मी?" राजीवने पहिल्यांदा लॅपटॉप मिटला. "मला वाटलं तू केलंस."

"अरे, तुम्हा लोकांचा कशावर विश्वासच नाही!" मी म्हटलं. "त्या दिवशी दुपारी घरात कोण होतं? मी आणि त्र्यंबक. त्र्यंबक ढाराढूर झोपलेला, आणि मी चहा पीत खारी बघतोय. मला ते काळ्या पडद्याचं काय कळतंय? मी अंधाऱ्या खोलीतला माणूस! यंत्राला दया आली म्हणा, वहिनीने हट्ट केला म्हणा, पण माणसाचा हात तिथे लागलेला नाही. ही..."

"खोटं!"

रिक्लायनर कुरकुरला. त्र्यंबकने डोळे उघडले नव्हते, पोटावरचे हातही हलवले नव्हते.

"साफ खोटं बोलतोयस, मन्या. चहा केलास, पण प्यायला नाहीस, कप तसाच साय धरून पडला होता. खुर्ची ओढून कम्प्यूटरपुढे बसलास आणि एका बोटाने टकटक करत, पोथी वाचल्यासारखं 'दोनशे त्रेसष्ट, दोनशे त्रेसष्ट' पुटपुटत होतास. मी जागा होतो. घोरत होतो ते तू मध्येच थांबू नयेस म्हणून."